ओटा कुणाच्या उंचीचा?

पत्र थोडक्यात असं आहे : वाचक पुण्याच्या, वय 49, दिवसभराची नोकरी, तीही घरूनच. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या टू बीएचके फ्लॅटमधलं स्वयंपाकघर आता नव्यानं करून घ्यायचं ठरलंय. खोली आठ फूट रुंद आणि दहा फूट लांब. पूर्वेच्या लांब भिंतीला ओटा, त्यावर खिडकी. उत्तरेला ड्राय बाल्कनीचं दार, दक्षिणेला हॉलमधून आत यायचं दार. बजेट साडेतीन लाख. मॉड्युलर किचनवाल्यांनी दिलेल्या आराखड्यात हॉलची भिंत अर्धी पाडून ओपन किचन केलंय, पाडलेल्या जागी ब्रेकफास्ट काउंटर आहे, सगळं सामान शटरआड आणि ओटा सरसकट 34 इंच. मुलाला आराखडा फार आवडलाय. यजमान म्हणतात, “तुझं स्वयंपाकघर, तूच ठरव.” सासूबाई 76 वर्षांच्या, गुडघे दुखतात, तरी पोळ्या अजून त्याच लाटतात. शेगडी आग्नेयेलाच हवी, एवढा एकच त्यांचा हट्ट. पत्रलेखिकेची स्वतःची कंबर धरते. शेजारणीचं म्हणणं, ओटा ठेंगणा आहे म्हणून होतं, 36 इंच करून घे. प्रश्न तीन : ओपन करावं का, ओटा किती उंच ठेवावा, आणि एवढ्याशा जागेत सगळं बसवायचं कसं?

प्रिय ताई,

पत्राबरोबर आराखडा पाठवलात ते बरं केलंत. छान काढलाय. शटरचा रंग, हँडलची जात, काउंटरवर लटकणारे दोन दिवेसुद्धा त्यात आहेत. परात कुठे ठेवायची ते मात्र कुठेच दिसलं नाही. कणीक मळायची जागाही सापडली नाही, आणि तुमच्याकडे रोज वीस-बावीस पोळ्या होतात असं तुम्हीच लिहिलंय.

म्हणून तुमच्या तीन प्रश्नांआधी माझा एक. सकाळी सात ते नऊ या वेळात त्या खोलीत कोण कोण असतं? तुमच्याच पत्रातून वेचलं तर सासूबाई पोळ्यांना, तुम्ही भाजी-कुकरला, यजमान चहाला, मुलगा फ्रिजमध्ये डोकं घालून, आणि साडेआठला भांड्यांच्या मावशी. माणसं पाच, आणि ओट्याची उंची विचारताय ती एकट्या तुमच्यासाठी.

“तुझं स्वयंपाकघर, तूच ठरव” हे यजमानांचं वाक्य तुम्ही कौतुकानं लिहिलंय. मला ते तितकंसं रुचलं नाही, रागावू नका. ठरवायचा अधिकार दिला, चांगलं झालं. पण पुढची वीस वर्षं तिथे राबणारे हातही तुमचेच, असं त्या वाक्यात गृहीत धरलंय. आणि मला वाटतं, तुम्हीही ते धरून चालला आहात. ओटा माझ्या उंचीचा, डबे माझ्या हाताशी, कुठे काय ठेवलंय ते माझ्या डोक्यात. असं स्वयंपाकघर झालं की घरातल्या दुसऱ्या कुणाला साधा चहा करायचा तरी तुम्हाला हाक मारावी लागते, आणि तुम्ही मीटिंगमध्ये असता.

तुमच्या डिझायनरनं ‘वर्क ट्रँगल’ सांगितलाच असेल. सिंक, शेगडी आणि फ्रिज हे तीन कोपरे धरून त्रिकोण काढायचा, तिन्ही बाजूंची बेरीज साधारण 13 ते 26 फूट ठेवायची. हा हिशेब अमेरिकेत 1940च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या घरबांधणीच्या अभ्यासातून पुढे आला. त्याआधी 1926 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी कामगारवस्तीच्या घरांसाठी एक छोटं, आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. साधारण 1.9 मीटर बाय 3.4 मीटर, म्हणजे तुमच्या खोलीपेक्षाही थोडं लहानच. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी म्हणायला हरकत नाही. सगळं हाताशी, पावलं कमीत कमी. पण त्यात काम करणारी बाई एकटी असणार हे धरलेलं होतं, आणि पुढे टीका झाली ती त्याच मुद्द्यावर. गंमत म्हणजे तोवर आपण कधी स्वयंपाक केलेलाच नव्हता, असं त्या बाईंनी नंतर स्वतःच मोकळेपणानं सांगितलं.

तेव्हा त्रिकोण जरूर काढा, पण त्यावर सगळा भार टाकू नका. आपल्याकडे स्वयंपाक करताना फ्रिजशी फेऱ्या होतात त्या सुरुवातीला एकदोन. उरलेला वेळ जातो सिंक आणि शेगडीच्या मधल्या पट्ट्यात : निवडणं, धुणं, चिरणं, वाटण काढणं, मळणं, लाटणं. तो पट्टा अपुरा पडला तर त्रिकोण कितीही सुबक असो, चिरलेली कोथिंबीर मिक्सरच्या झाकणावर ठेवायची वेळ येतेच.

आता उंची. शेजारीण म्हणते ओटा ठेंगणा, म्हणून कंबर दुखते. असेलही. पण तुम्हीच पुढे लिहिलंय की भाजी परतताना खांदे भरून येतात. ठेंगण्या ओट्यापाशी खांदे भरत नाहीत, उंच ओट्यापाशी भरतात. म्हणजे एकच ओटा एका कामाला ठेंगणा आणि दुसऱ्याला उंच पडतोय. हे कसं, ते एकदा मोजूनच पाहा. तुमची उंची पाच फूट दोन इंच. कोपर दुमडून हात समोर धरलात तर कोपर जमिनीपासून 38-39 इंचांवर येईल. उभं राहून चिरायचं तर पृष्ठभाग कोपराच्या चार ते सहा इंच खाली असला की बरं पडतं, म्हणजे 33 ते 34 इंच. डिझायनरचा 34 चिरण्यापुरता बरोबर आहे. पण त्याच ओट्यावर चार-पाच इंच उंचीची शेगडी ठेवली, तिच्यावर कढई चढली, की कढईचा काठ येतो थेट 42-43 इंचांवर. कोपराच्याही वर. उलथनं हलवायला खांदा उचलावाच लागतो. आणि सिंकमध्ये नेमकं उलटं. हात चालतो तळाशी, तळ आठ इंच खाली, म्हणजे 26 वर. तिथे कंबर वाकते. 36चा ओटा करून घेतलात तर सिंकपाशी थोडा आराम पडेल आणि शेगडीपाशी रोज दुखणं विकत घ्याल.

आणि पोळ्या? लाटताना नुसता हात चालत नाही, वरून जोर द्यावा लागतो. जोराच्या कामाला पृष्ठभाग आणखी खाली हवा. त्यातून पोळपाट स्वतःच दीड-दोन इंच उंच असतो. तुमच्यासाठी 30 इंच आणि चार फूट दहा इंचाच्या सासूबाईंसाठी 28-29 असं काहीतरी येईल. एवढी उंची तुमच्या घरात आत्ताही आहे : जेवणाचं टेबल. बहुतेक टेबलं 30 इंचांच्या आसपास असतात. उद्या सकाळी सासूबाईंना टेबलाशी पोळपाट मांडून द्या आणि दहा पोळ्या झाल्या की विचारा, खांदा काय म्हणतो.

ओट्याच्या उंचीची चाचणी घ्यायला पैसे लागत नाहीत. चिरायच्या पाटाखाली रद्दीचे गठ्ठे ठेवून उंची इंच-इंच वाढवत रोजची भाजी चिरा, दोनतीन दिवसांत अंगच सांगेल. पायात घरात घालता त्या सपाता असू द्या, अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक तिथेच पडतो. प्रत्येकाचं कोपर मोजा. तुमचं, सासूबाईंचं, यजमानांचं आणि मावशींचंही. मावशींना कुणीच विचारत नाही. तुमच्या घरात रोज तासभर सिंकशी वाकून उभ्या राहतात त्या.

मी तुमच्या जागी असते तर तीन उंच्या ठेवल्या असत्या. मुख्य ओटा 34. शेगडीपुरता भाग चार इंच खाली घ्यायचा किंवा ओट्यात बसणारा हॉब घ्यायचा. यात माझं मत खाली घेतलेल्या भागाच्या बाजूचं आहे. हॉबमध्ये दूध उतू गेलं की निस्तरताना जीव जातो, आणि दुरुस्तीला माणूस येईपर्यंत घर अडून बसतं. सुटी शेगडी उचलून ओटा पुसता येतो, बिघडली तर कोपऱ्यावरच्या दुकानात नेता येते. फक्त तो खळगा आजच्या शेगडीच्या मापाला घट्ट करू नका, दोन्ही बाजूंनी तीनचार इंच सोडा, नाहीतर पुढची शेगडी बसायची नाही आणि सांडलेलं पुसायला हात जायचा नाही. तिसरी उंची पोळ्यांची, त्याबद्दल पुढे सांगते. सिंकसाठी ओट्यात पायरी नको. धुतलेलं पातेलं सरकवता येत नाही, त्या पायरीवर आपटतं. त्यापेक्षा सिंक कमी खोल घ्या, सात-आठ इंच पुरे, आणि ओट्याच्या पुढच्या कडेला जेवढं आणता येईल तेवढं आणून बसवा. दहा इंच खोल सिंक दुकानात ऐटदार दिसतं, पण तळापर्यंत वाकायचं कुणी ते दुकानदार सांगत नाही. भांडी घासायला ड्राय बाल्कनीत दुसरं सिंक होत असेल तर मावशींच्या कोपराच्या मापानं तेच उंच बसवा. मग स्वयंपाकघरातलं सिंक भाज्या-तांदूळ धुण्यापुरतं राहील.

जागेची मांडणी. आठ फुटांतून ओट्याचे दोन फूट गेले, सहा उरले. समोरच्या पश्चिम भिंतीला तुमची स्टीलची मांडणी आणि फ्रिज आहे. तिथे दीड फूट खोलीचा दुसरा, बुटका ओटा घ्या. मध्ये साडेचार फूट राहतात. एकाच माणसाला वावरायला साडेतीन फूट चालतात. दोघांची ये-जा असेल, शिवाय खालचा ड्रॉवर उघडा असताना मागून कुणी जायचं असेल, तर चार फूट तरी लागतातच. तुमच्याकडे ते आहेत. ज्या वाचकांची खोली सात फुटांचीच आहे त्यांनी दुसऱ्या बाजूला ओट्याचा हट्ट सोडावा आणि फूटभर खोलीची मांडणी नाहीतर भिंतीला घडी होणारी फळी लावावी.

पूर्वेचा दहा फुटी ओटा असा लावता येईल. उत्तरेकडून, म्हणजे बाल्कनीच्या बाजूनं, दीड फूट धुतलेली भांडी निथळायला. मग दोन फूट सिंक. मग पावणेतीन फूट मोकळा ओटा, ज्यावर काहीही, अगदी काहीही कायमचं ठेवायचं नाही. मग अडीच फूट शेगडी. शेवटी दाराच्या बाजूला सव्वा फूट, गरम पातेलं उतरवायला. नळाचं सांडपाणी आजही बाल्कनीच्याच बाजूला जातं, म्हणजे पाइप फारसे हलवावे लागणार नाहीत. सिंक एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर न्यायचा मोह टाळाच. उतार मिळत नाही, फरशी उचकटावी लागते, वॉटरप्रूफिंग फुटतं आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. सिंक-शेगडीत पावणेतीन फुटांचं अंतर असल्यानं तापल्या तेलात पाणी उडायची भीतीही कमी. खिडकी आज सिंकच्या वर आहे, तिथेच बरी. शेगडी खिडकीखाली आली की जूनमधला वारा ज्योत टिकू देत नाही.

आता या मांडणीत सासूबाईंचा आग्नेय कोपरा पाहा. शेगडी ओट्याच्या दक्षिण टोकाकडे, म्हणजे आग्नेयेला. तिच्यासमोर उभं राहिलं की तोंड पूर्वेला. पाणी ईशान्येच्या बाजूला. वास्तुशास्त्रावर वाद घालत बसण्याची मला हौस नाही, तुम्हालाही त्याची गरज पडणार नाही. उलट नकाशा आधी सासूबाईंना दाखवा. त्यांच्या मनासारखं एक झालं की कोपरा अडवून बसलेल्या त्यांच्या स्टीलच्या गव्हाच्या कोठीचा विषय काढणं सोपं जाईल.

त्या बुटक्या ओट्याची मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. तीन फूट लांब, 29 इंच उंच, आणि खाली कपाट न करता गुडघ्यांसाठी मोकळी जागा. एक साधं, हलणार नाही असं पाठीचं स्टूल. सासूबाई बसून पोळ्या लाटतील, कणीक मळतील, वाल सोलतील, तुमच्याशी बोलतील. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना कामातून मोकळं करावं असं तुमच्या पत्रातून जाणवतं. त्यांनी तसं म्हटलंय का? तुम्हीच लिहिलंय की त्या पोळ्या दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. त्यांना दुखतं ते उभं राहणं. एक अडचण राहते, लाटणारी एका भिंतीला आणि तवा समोरच्या. दोघी असाल तेव्हा एकीनं लाटायचं, दुसरीनं भाजायचं, साडेचार फुटांत हातातून हातात पोळी जाते. सासूबाई एकट्या असतील तेव्हा मात्र उठबस होईल. त्यासाठी त्या ओट्यावर इंडक्शनचा पॉइंट काढून ठेवा आणि लोखंडी तवा घ्या, तो इंडक्शनवर चालतो. फुलके थेट आचेवर फुगवायचे असतील तर शेगडीशिवाय इलाज नाही, पण घडीच्या पोळ्यांना काही अडत नाही. याच ओट्यावर दुपारी तुमचा लॅपटॉप बसेल आणि कुकर होईस्तोवर तुम्हालाही टेकता येईल.

फ्रिज पश्चिम भिंतीलाच, हॉलच्या दाराशी. त्याला लागून चहाचा कोपरा. चहा-साखरेचे डबे, बिस्किटं, कप, इलेक्ट्रिक किटली, पाण्याचा प्युरिफायर. वर उघडी फळी, शटर नाही. यजमान आणि मुलगा आत शिरले की डावीकडे वळून आपापलं घेतील, शेगडीशी उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीला कोपर न लावता. ‘सगळं शटरआड’ याला माझा विरोध आहे तो याचसाठी. शटर बंद असली की घर नीटनेटकं दिसतं हे खरं, पण ज्याला वस्तू कुठे आहे ते माहीत नाही त्याच्या हातून काम होत नाही, आणि मग “साखर कुठंय गं?” चालू होतं. रोज लागणाऱ्या वीसेक वस्तू डोळ्यांना दिसू द्या. मिसळणाचा डबा, तेलाची बरणी, मीठ शेगडीशेजारी. सांडशी, झारा, उलथनं शेगडीच्या बाजूच्या भिंतीला आकड्यांवर.

आता ओपन किचन. भिंत पाडायला माझी हरकत धुरामुळे नाही. चिमणी नीट असेल तर फोडणीचा ठसका बराचसा बाहेर जातो. मात्र चिमणी शेगडीपासून 26 ते 30 इंच वर असावी, आणि तिचा पाइप शक्य तितक्या कमी वळणांनी थेट पूर्वेच्या भिंतीतून बाहेर जावा. जितकी वळणं, तितकी ओढ कमी. बाहेर पाइप नसलेली, हवा गाळून आतच सोडणारी चिमणी आपल्या तळणीपुढे टिकत नाही, तीत पैसे घालू नका. माझी हरकत अशी की तुमची नोकरी घरून आहे आणि बसायची जागा हॉलमध्ये. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, भांडी हे सगळं तुमच्या मीटिंगमध्ये येणार. दुसरं, दक्षिणेची भिंत अर्धी गेली की तिथे उभा करता आला असता तो उंच साठवणीचा कप्पाही गेला. आठ बाय दहाच्या खोलीत तो महागात पडतो. शिवाय ब्रेकफास्ट काउंटरला उंच खुर्च्या येतात, म्हणजे सासूबाईंचं ताट वेगळं, टेबलावर. त्या खुर्चीवर त्या चढणार नाहीत.

मुलाला हवाय तो मोकळेपणा. तो मिळवायला हॉलकडच्या भिंतीत ओट्याच्या उंचीच्या वर तीन-साडेतीन फुटांची सरकत्या काचेची खिडकी काढता येईल. ताट-वाट्या हॉलमध्ये द्यायला उपयोगी, उजेड येतो, बोलणं होतं आणि फोडणीच्या वेळी ती बंद होते. हेही करण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत घ्या. तुमच्या वीस वर्षं जुन्या इमारतीत बहुधा कॉलम-बीमचा सांगाडा आणि मधल्या विटांच्या भिंती असतील. पण नव्या, मिवान पद्धतीनं बांधलेल्या इमारतींतल्या वाचकांनी नीट ऐकावं : तिथे भिंतीच काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्यांच्यावरच असतो. त्यात भोक पाडायचा विचारही करू नका, डिझायनर काहीही म्हणो.

साठवणीचा हिशेब डिझायनर ‘किती ड्रॉवर’ असा करतो, तुम्ही वस्तूंकडून सुरू करा. एका रविवारी सगळं बाहेर काढा. रोजचं, आठवड्याचं, सणावारी लागणारं आणि कधीच न लागणारं, असे चार ढीग. रोजचं आणि जड ते गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण दीड ते सव्वाचार फुटांमध्ये. कुकर, मिक्सर, पिठाचा डबा यांना ओट्याखाली खोल, पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर. आत वाकून मागचा डबा शोधायला लावणारी कपाटं कंबरेची शत्रू. चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, पितळी पातेली माळ्यावर, पण माळ्यावरचं काढायचं काम सासूबाईंचं आणि तुमचं नव्हे, हे आत्ताच घरात जाहीर करून टाका. उरली ती गव्हाची कोठी. वर्षाचं धान्य एकदम भरणं तुम्ही पाच वर्षांपूर्वीच थांबवलंत असं लिहिलंय, तरी 50 किलोची कोठी कोपरा अडवून आहे, कारण ती सासूबाईंच्या माहेरची. ती बाल्कनीत हलवा, वर जाड फळी टाका, कुंड्या ठेवा. मोडीत काढायला सांगून भांडण ओढवून घेऊ नका.

बाकीचं भराभर सांगते. विजेचे पॉइंट टाइल्स लागण्याआधी कागदावर काढा आणि प्रत्येकापुढे यंत्राचं नाव लिहा. मिक्सर, फ्रिज, प्युरिफायर, किटली, चिमणी, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, आणि वर दोन रिकामे. मायक्रोवेव्ह, किटली आणि इंडक्शनला 16 अँपियरचे, आणि तिन्ही एकाच तारेवर नकोत. वरच्या कपाटांच्या तळाला एलईडीची पट्टी लावा. छताचा दिवा पाठीमागे असतो, चिरताना स्वतःचीच सावली पाटावर पडते. तुमच्याकडे पाइप गॅस आहे, त्याची जोडणी हलवायची ती गॅस कंपनीच्या माणसांकडूनच, मॉड्युलरवाल्यांच्या प्लंबरकडून नाही, आणि कॉक हात घातला की बंद करता येईल असा उघडा राहू द्या. सिलिंडर असलेल्या वाचकांसाठी : तो गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साठतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला खालच्या बाजूला जाळी हवीच. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची घ्या आणि पाच वर्षांनी बदला. वास आलाच तर फोन करायला 1906 हा गॅसगळतीचा मदत क्रमांक आधीच फ्रिजवर चिकटवून ठेवा.

ओट्याला काळा ग्रॅनाइट घ्या. जुनाट वाटेल, पण हळदीचा डाग धरत नाही आणि गरम कुकरला घाबरत नाही. क्वार्ट्झ दिसायला देखणा, पण त्यात राळ असते आणि थेट उतरवलेल्या कढईनं त्यावर वण उठतो. सिंकखालच्या कपाटाला पैसे वाचवू नका. तिथे आयएस 710 शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या, नाहीतर सरळ कडाप्प्याचे कप्पे करा आणि पुढे जाळीचं दार लावा. साध्या पार्टिकल बोर्डाला दोन पावसाळ्यांत फुगवटा येतो. बजेट कमी पडलं तर कात्री शटरच्या चकचकीत ॲक्रिलिकवर चालवा, ड्रॉवरच्या चॅनलवर आणि बिजागऱ्यांवर नको. रंगाबद्दल विचारलंत : खाली गडद, वर फिका, एवढंच म्हणेन. कुठला ते मुलाला ठरवू द्या.

आराखडा पक्का करण्याआधी हा सगळा नकाशा फरशीवर खडूनं काढा. ओट्याच्या जागी खुर्च्या, खोकी मांडा आणि सकाळच्या वेळी पाचही जणांना आपापलं काम केल्यासारखं त्यात फिरायला लावा. हसाल, पण कोण कुणाला कुठे अडतं ते तिथेच कळेल, आणि खडू पुसता येतो. यजमानांना त्या दिवशी चहाबरोबर कुकरही लावायला सांगा. डिझायनरशी बोलायला त्यांनाही बसवा, आणि “तूच ठरव” म्हणाले तर कोपराचं माप घ्यायला टेप त्यांच्याच हातात द्या.

काम गणपतीच्या आधी उरकेल असं तुम्हाला सांगितलं असेल. तारखेवर फार विसंबू नका, तोवर बाल्कनीत एक शेगडी, एक फळी आणि पाण्याची सोय करून ठेवा. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. शेवटचा हप्ता ड्रॉवरमध्ये खरी भांडी आणि भरलेले डबे ठेवून, चिमणीखाली फोडणी करून, सिंक काठोकाठ भरून एकदम सोडून, आणि नव्या ओट्यावर कामाच्या दिवसाची एक अख्खी सकाळ काढून मगच द्या. रिकाम्या ड्रॉवरचं चॅनल कधीच अडकत नाही.